मालाड ते अंधेरी : चित्रपटकथेचा ऱ्हास आणि लेखकाचे स्थान (१९३४ ते २०२५)

प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने मालाडहून अंधेरीस येण्यास जेमतेम पाव तास लागतो. तथापि या पाव तासाच्या पट्ट्यात भारतीय चित्रपटाचा जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. १९३४ मध्ये मालाड येथे 'बॉम्बे टॉकीज'ची स्थापना झाली. १९४३ मध्ये गोरेगाव येथे 'फिल्मिस्तान' उभे राहिले. पुढे अंधेरीच्या परिसरात मोहन, फिल्मालय, नटराज, कमालिस्तान असे स्टुडिओ नांदले, तर १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने गोरेगावात चित्रनगरी वसविली. आज चित्रपटसंस्थांची कार्यालये, संकलनाच्या खोल्या आणि लेखकांची नोंदणीकृत संघटना यांचे प्रमुख केंद्र अंधेरी हेच आहे. उपनगरांतील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांच्या शेजारीच ही कथानिर्मिती चालत आली आहे.

याच परिसरातील प्राध्यापक कक्षात, लोकलच्या डब्यात आणि घरातील दिवाणखान्यात एक तक्रार वारंवार कानी पडते, ती ही की, 'अलीकडच्या चित्रपटांना कथाच नसते.' तंत्र सुधारले, छायाचित्रण देखणे झाले, ध्वनी स्पष्ट झाला. परंतु चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही, असा या तक्रारीचा आशय असतो. प्रस्तुत निबंधात या तक्रारीची ऐतिहासिक तपासणी करावयाची आहे. कथेचा ऱ्हास खरोखर झाला आहे काय, झाला असल्यास तो कोठे आणि कशामुळे, हे येथील मुख्य प्रश्न होत.

अभ्यासाची दिशा व मर्यादा

'दर्जा' हा शब्द सैल आहे. म्हणून येथे एक साधी कसोटी स्वीकारली आहे. कथेतील ज्या सामाजिक वास्तवातून घटना घडतात ते वास्तव काढून घेतल्यास कथा कोसळते की जशीच्या तशी उभी राहते? कोसळत असेल तर त्या कथेस पाया आहे. उभी राहत असेल तर ते वास्तव केवळ सजावट होते. ही कसोटी सर्वच चित्रपटांस लावणे एका निबंधात शक्य नाही. म्हणून जात आणि विवाह हा एकच विषय निवडून १९३६, १९५९, २०१६ आणि २०१८ या वर्षांतील चार चित्रपटांची तुलना केली आहे. या चार कृतींच्या मागे उभ्या असलेल्या निर्मितिव्यवस्थेत लेखकाचे स्थान काय होते, याचा शोध हा या निबंधाचा गाभा आहे.

तक्रार नवी नाही

प्रथमतः हे मान्य केले पाहिजे की, चित्रपटकथेविषयीची नाराजी प्रत्येक पिढीने व्यक्त केली आहे. १९३४ मध्ये प्रेमचंद मुंबईस आले, 'अजंठा सिनेटोन'साठी त्यांनी 'मजदूर' लिहिला आणि पुढच्याच वर्षी ते निराश होऊन परतले. भारत सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. १९५१ च्या तिच्या अहवालात चित्रपटांच्या घसरत्या दर्जाची चर्चा होतीच. त्यामुळे 'पूर्वी सारे सोन्याचे होते आणि आता सारे पितळ झाले' अशी मांडणी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.

मात्र पाटील समितीचे निदान आजही लक्षणीय वाटते. महायुद्धाच्या काळात आलेला सट्ट्याचा पैसा, स्टुडिओंची मोडकळीस आलेली घडी आणि नट, धनको व वितरक यांच्या हाती गेलेली सूत्रे यांकडे समितीने बोट दाखविले होते. म्हणजेच प्रश्न प्रतिभेच्या दुष्काळाचा नव्हता. कथा कोण ठरवितो, हा होता. पुढील विवेचन याच धाग्याने जाणारे आहे.

पहिली व्यवस्था : पगारी लेखक (१९३४ ते १९५४)

हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी मालाड येथे उभारलेली 'बॉम्बे टॉकीज' ही भागभांडवलावर चालणारी रीतसर कंपनी होती. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योझेफ विर्शिंग यांच्यापासून नट-नटी आणि तंत्रज्ञांपर्यंत सारे मासिक वेतनावर होते. अशोककुमार यांनी संस्थेत प्रवेश केला तो प्रयोगशाळेतील साहाय्यक म्हणून. या वेतनपटावर लेखकही होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. प्रारंभीच्या चित्रपटांच्या कथा निरंजन पाल यांनी लिहिल्या. १९३८ मध्ये बंगाली कथाकार शरदिंदु बंद्योपाध्याय पटकथालेखनासाठी मुंबईस आले. ब्योमकेश बक्षी या गुप्तहेराचा हा जनक १९५२ पर्यंत मुंबईत राहिला आणि पुढे पुण्यास स्थायिक झाला.

पगारी लेखकाचा लाभ कोणता? कथा आधी लिहिली जाई आणि तीनुसार नटांची निवड होई. लेखकास एका चित्रपटाच्या अपयशाने उपासमारीची भीती नसे. दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि लेखक एकाच आवारात वावरत असल्याने कथेवर चर्चा होई, दुरुस्त्या होत.

या व्यवस्थेतून १९३६ मध्ये 'अछूत कन्या' हा चित्रपट निर्माण झाला. रेल्वे फाटकावरील अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही कथा निरंजन पाल यांची. दोघांचे प्रेम असूनही विवाह होत नाही, पुढे संशय आणि सूड यांतून संकट ओढवते आणि आगगाडी थांबविण्याच्या प्रयत्नात कस्तुरी प्राण गमावते. १९३६ हे वर्ष साधे नव्हते. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती. मे १९३६ मध्ये त्यांचा जातिनिर्मूलनावरील प्रबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली. आंबेडकरांच्या त्या भाषेपुढे 'अछूत कन्या' फारच सौम्य ठरतो. नायिकेस बंडखोर न करता तो तिला आत्मबलिदान करणारी देवता करतो आणि व्यवस्थेस थेट जाब विचारीत नाही. ही मर्यादा मान्य करूनही आपली कसोटी लावली असता निष्कर्ष स्पष्ट आहे. कस्तुरीची जात काढून घ्या, आणि या कथेत विवाहास अडथळाच उरत नाही. जात हा या कथेचा कणा आहे.

१९४० मध्ये हिमांशू राय यांचे निधन झाले आणि संस्थेत फूट पडली. शशधर मुखर्जी, अशोककुमार, ज्ञान मुखर्जी प्रभृती मंडळींनी गोरेगावास फिल्मिस्तान स्थापन केले. सआदत हसन मंटो याच संस्थेत लेखक म्हणून नोकरीस होते, तर इस्मत चुगताई यांच्या कथेवर 'बॉम्बे टॉकीज'ने १९४८ मध्ये 'जिद्दी' काढला. उर्दू साहित्यातील दोन अग्रगण्य कथाकार या काळात उपनगरांतील स्टुडिओंसाठी लिहीत होते, हे आज सांगितले तर विद्यार्थ्यांस नवल वाटते. १९५४ च्या सुमारास 'बॉम्बे टॉकीज'चे निर्मितिकार्य थांबले आणि कालांतराने त्या आवारात लहान कारखाने व गाळे आले.

दुसरी व्यवस्था : साहित्याशी जोडलेला लेखक (१९५० ते १९८५)

स्टुडिओ मोडले, नट स्वतंत्रपणे करार करू लागले आणि लेखकाचे वेतनही संपले. तरीही पुढील तीन दशकांत कथा टिकून राहिली. यामागे मुख्यतः लेखकाचे साहित्याशी आणि रंगभूमीशी असलेले नाते होते. पगाराचा आधार गेला तरी साहित्यविश्वातील प्रतिष्ठेचा आधार शिल्लक होता.

अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय यांचा चमू काम करीत असे. सलील चौधरी यांची कथा, हृषीकेश मुखर्जी यांचे संकलन व पटकथा, नवेंदु घोष यांच्यासारखा कथाकार सोबतीस, असा हा मेळ होता. 'दो बिघा जमीन' (१९५३) हे त्याचे प्रसिद्ध फळ. आपल्या विषयाच्या दृष्टीने १९५९ चा 'सुजाता' अधिक महत्त्वाचा. सुबोध घोष यांच्या कथेवरील या चित्रपटात अस्पृश्य आई-वडिलांचे अनाथ मूल एका ब्राह्मण अभियंत्याच्या घरी वाढते. घरातील बाई तिची ओळख 'मुलगी' अशी न करता 'मुलीसारखी' अशी करून देते. 'सारखी' या एका शब्दात संपूर्ण कथेचा ताण साठवलेला आहे. जात मोठ्या आवाजात बोलत नाही. ती घरातील मायेच्या भाषेत लपून बसते, हे लेखकाने जाणले होते. शेवटी रक्तदानाने पेच सुटतो, हा तोडगा सोपा आहे. पण पेच मात्र खरा आहे. जात वजा करताच तो नाहीसा होतो.

मराठी चित्रपटाची स्थितीही याहून निराळी नव्हती. 'प्रभात'चा 'कुंकू' (१९३७) ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. वि. स. खांडेकर, आचार्य अत्रे, ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील अशी थोर लेखकांची मालिका चित्रपटास लाभली. अत्र्यांच्या 'श्यामची आई'स १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. विलेपार्ले येथे दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या विजय तेंडुलकरांनी 'सामना' (१९७५), 'सिंहासन' (१९७९), 'आक्रोश' (१९८०), 'उंबरठा' (१९८२) आणि 'अर्धसत्य' (१९८३) यांच्या पटकथा लिहिल्या. यांपैकी 'सिंहासन' अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर, 'उंबरठा' शांता निसळ यांच्या कादंबरीवर आणि 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवर आधारलेला होता. मासिकात छापून आलेली कथा, रंगमंचावर मुरलेला नाटककार आणि चित्रपट यांच्यामध्ये तेव्हा रहदारीचा रस्ता होता.

व्यावसायिक चित्रपटातही लेखकाने आपले मोल वसूल केले. 'जंजीर' (१९७३) प्रदर्शित झाला तेव्हा फलकांवर लेखकांची नावे नव्हती, म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी लावून शहरातील फलकांवर ती रंगवून घेतली, हा किस्सा सर्वश्रुत आहे. त्याकडे केवळ गमतीचा प्रसंग म्हणून पाहू नये. नाव, मानधन आणि निर्णयातील वाटा यांसाठी झालेला तो झगडा होता. त्यानंतरची काही वर्षे या जोडीची पटकथा हीच चित्रपटाची मुख्य ठेव मानली गेली. १९८२ मध्ये जोडी फुटली आणि लेखकास मिळालेले हे स्थान व्यवस्थेत रुजण्याऐवजी दोन व्यक्तींपुरतेच राहिले होते, हे उघड झाले.

तिसरी व्यवस्था : पहिल्या तीन दिवसांची कथा (१९९४ नंतर)

१९९४ चा 'हम आपके हैं कौन..!' हा या संक्रमणाचा सोयीचा टप्पा होय. त्याचे मूळ केशवप्रसाद मिश्र यांच्या 'कोहबर की शर्त' या शोकात्म कादंबरीत आहे. १९८२ च्या 'नदिया के पार'ने ती सुखान्त केली, तरी शेतकरी घर आणि गावाचे जगणे राखले. १९९४ मध्ये तेच कथानक उद्योगपतीच्या घरात गेले आणि लग्नसमारंभ हाच कथेचा मोठा भाग झाला. कादंबरी, पहिला चित्रपट आणि दुसरा चित्रपट अशा तीन पायऱ्यांवर कथेतील अभाव, मृत्यू आणि अर्थकारण क्रमाक्रमाने कसे गळत गेले, हे यात स्वच्छ दिसते. चित्रपट अतिशय यशस्वी झाला, हेही नोंदविले पाहिजे. कारण व्यवसायाने धडा घेतला तो या यशापासून.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटव्यवसायास उद्योगाचा दर्जा जाहीर केला. २००१ नंतर महाराष्ट्रात करमणूक करातील सवलतीच्या आधारे बहुपडदा चित्रपटगृहे उभी राहू लागली. घाटकोपरचे ओडियन, मुलुंडचे मेहुल, अंधेरीचे अंबर-ऑस्कर, बोरिवलीचे जया ही एकेकाळी उपनगरवासीयांच्या जीवनाशी निगडित असलेली नावे. त्यांच्या काळातील मोठा प्रेक्षकागार आणि त्यातील सर्व थरांचा श्रोतृवर्ग हळूहळू मागे पडला. स्वस्त तिकिटाच्या रांगा लहान झाल्या, तशी गिरणीकामगार, फेरीवाला, घरकाम करणारी स्त्री यांची कथेवरील अप्रत्यक्ष हुकमतही कमी झाली.

यापेक्षाही खोल परिणाम उत्पन्नाच्या वाटणीने केला. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यात सुमारे दोन महिने संघर्ष चालला. तडजोडीनुसार वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के असा ठरला. हे आकडे कथेच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत. चित्रपट जितका अधिक काळ चालेल तितका निर्मात्याचा प्रत्येक तिकिटामागील वाटा घटत जातो. म्हणून शेकडो पडद्यांवर एकाच वेळी झळकून शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत शक्य तितकी वसुली करणे शहाणपणाचे ठरते. आता तीन दिवसांची गर्दी कोण खेचते? नटाचा चेहरा, गाणे, जाहिरात आणि भव्यता. कथेचे सामर्थ्य मात्र प्रेक्षकाने प्रेक्षकास सांगितल्यावाचून पसरत नाही आणि त्यास आठवडे लागतात. 'किस्मत' (१९४३) कलकत्त्याच्या एकाच चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला, 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे. पडदे कमी होते, हे त्याचे एक कारण खरे. परंतु अशा व्यवस्थेत कथेच्या टिकाऊपणास रोख किंमत होती. नव्या व्यवस्थेत ती किंमत उतरली आणि लेखकाकडे पाहण्याची दृष्टी त्याबरोबर बदलली. नट आणि प्रदर्शनाचा दिनांक आधी ठरतो. लेखकाने त्या चौकटीत बसेल असे काही लिहून द्यावयाचे असते.

'सैराट' आणि 'धडक' : एक तुलना

या पार्श्वभूमीवर २०१६ व २०१८ चे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. मंजुळे हे मूळचे कवी. करमाळा तालुक्यातील जग हे त्यांचे स्वतःचे जग. मासेमारी करणाऱ्या गरीब कुटुंबातील परश्या आणि पाटलाची मुलगी आर्ची यांच्या प्रेमकथेत जात प्रत्येक घटनेच्या बुडाशी आहे. प्राध्यापकवर्गाने त्यातील एक प्रसंग विसरू नये. साहित्याचा तास चालू असताना बड्या घराण्यातील मुलगा लोखंडे सरांना वर्गातच थप्पड मारतो. महाविद्यालय, जमीन आणि जात यांचे नाते त्या एका थपडेत उघडे पडते आणि पुढील हिंसाचार अकस्मात वाटत नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीतील संसार, भाषेची अडचण, पैशाची चणचण यांवर चित्रपट पुरेसा वेळ देतो. म्हणूनच शेवटी बालकाच्या रक्ताळलेल्या पावलांनी प्रेक्षक सुन्न होतो.

'धडक' हा त्याचा हिंदी अवतार जुलै २०१८ मध्ये आला. कथा उदयपूरला गेली, नायकाचे घर उपाहारगृह चालविणाऱ्या खात्यापित्या कुटुंबाचे झाले आणि जात एखाद-दुसऱ्या उल्लेखापुरती उरली. मुलीचा बाप राजकारणी असल्याने राग त्याच्या प्रतिष्ठेचा होतो. परिणामी शेवटचा आघात भीषण असूनही तो कथेतून उगवत नाही. तो मूळ चित्रपटाकडून उसना घेतलेला वाटतो. आपली कसोटी येथे उलट्या बाजूने सिद्ध होते. 'सैराट'मधून जात काढली तर काय उरते, याचा प्रयोगच जणू 'धडक'ने करून दाखविला.

दोन्ही चित्रपटांच्या निर्मितीत एकाच उद्योगसमूहाचा सहभाग होता, ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण आहे. त्यामुळे 'मोठा पैसा आला म्हणून कथा गेली' हे उत्तर अपुरे ठरते. फरक पडला तो कथेवर अंतिम शब्द कोणाचा, यात. 'सैराट'मध्ये लेखक आणि दिग्दर्शक एकच होता. त्याने जवळजवळ तीन तासांचा अवधी आणि अपरिचित मुलामुलींचे चेहरे यांचा आग्रह धरला. 'धडक'मध्ये कथा ही नव्या तारकांच्या पदार्पणाचे साधन होती. 'सैराट'ने शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट होण्याचा मान मिळविला, हे लक्षात घेता प्रेक्षकांस कथा नको असते, हा युक्तिवादही टिकत नाही.

काही आक्षेप

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निवडक उत्तम चित्रपटांची तुलना निवडक सुमार चित्रपटाशी केली तर ऱ्हास सिद्ध करणे सोपे असते. हा आक्षेप रास्त आहे. १९३६ मध्येही असंख्य टाकाऊ चित्रपट निघाले. म्हणून येथील दावा मर्यादित आहे : सर्व जुने श्रेष्ठ असे येथे म्हटलेले नाही. मुख्य प्रवाहाच्या मध्यभागी, मोठ्या संस्थेत, नामवंत नटांना घेऊन सामाजिक पेचावर उभी राहणारी कथा पूर्वी शक्य होती. आता ती बहुधा काठावर किंवा अपवाद म्हणून शक्य होते. ऱ्हास झाला आहे तो या मध्यभागाचा.

दुसरा आक्षेप असा की, अलीकडे चांगल्या कथा येतच आहेत. तेही खरे. 'श्वास' (२००४) माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित होता आणि त्याने मराठी चित्रपटास पुन्हा राष्ट्रीय मान मिळवून दिला. 'नटरंग' (२०१०) आनंद यादवांच्या कादंबरीवर, 'ट्वेल्थ फेल' (२०२३) अनुराग पाठक यांच्या पुस्तकावर बेतलेला होता. २०२५ मध्ये 'धडक २' या नावाने आलेला चित्रपट 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटावर आधारलेला असून त्यात जात हाच मुख्य विषय आहे. पहिल्या 'धडक'ने जे वगळले ते त्याच नावाखाली परतले. तथापि ही उदाहरणे प्रस्तुत मांडणीस छेद न देता तिला पुष्टीच देतात. जेथे पुस्तक, कथा वा लेखक-दिग्दर्शक यांना प्रारंभीचे स्थान मिळाले, तेथे कथा जिवंत राहिली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, चित्रपटकथेचा ऱ्हास हा लेखकांच्या किंवा प्रेक्षकांच्या कुवतीचा ऱ्हास नव्हे. दोन, कथेचा दर्जा हा लेखकास मिळणारा वेळ, निर्वाहाची हमी आणि निर्णयातील वाटा यांच्याशी निगडित राहिला आहे. पहिल्या व्यवस्थेत वेतनाने आणि दुसरीत साहित्यविश्वातील प्रतिष्ठेने हे काही अंशी साधले. तिसरीत दोन्ही आधार क्षीण झाले. तीन, या प्रक्रियेत सर्वप्रथम गळतो तो अवघड सामाजिक प्रश्न. कारण तीन दिवसांच्या वसुलीत कोणासही न दुखावणारी कथा सोयीची असते.

परिस्थिती पालटण्याची काही साधने उपलब्ध आहेत. २०१२ च्या स्वामित्व हक्क कायद्यातील दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांस चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनाचा असा हक्क दिला की जो निर्मात्यास लिहून देता येत नाही. लेखकांची संघटना किमान कराराचा आग्रह धरीत आली आहे. मात्र महाविद्यालयांचे कर्तव्य निराळे आहे. साहित्य आणि चित्रपट यांमधील जो रस्ता तेंडुलकर-पानवलकरांच्या काळात वाहता होता, तो प्रथम वर्गात तुटला आहे. आपण कथा शिकवितो ती परीक्षेसाठी. आपले विद्यार्थी चित्रपट पाहतात तो आपल्याला न सांगता. 'सूर्य' ही कथा आणि 'अर्धसत्य', 'सैराट' आणि 'धडक' या जोड्या अभ्यासक्रमात शेजारी ठेवल्या, तर कथेतून काय वगळले गेले हे ओळखण्याची दृष्टी विद्यार्थ्यास लाभेल. त्यांपैकी काहीजण उद्या अंधेरीतच लेखणी घेऊन उभे राहणार आहेत.

चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१९ मध्ये आणि गोरेगावचे फिल्मिस्तान २०२५ मध्ये बांधकाम व्यवसायातील कंपन्यांच्या ताब्यात गेले. त्या जागा परत मिळणार नाहीत आणि त्यांचे स्मारक करूनही कथा परतणार नाही. १९३६ मध्ये मालाडच्या एका पगारी लेखकाने रेल्वे फाटकावरील मुलीची जात कथेच्या मध्यभागी ठेवली. २०१८ मध्ये त्याच उपनगरांतील व्यवसायास ती अडचणीची वाटली. या ब्याऐंशी वर्षांत समाजातून जात गेली असती, तर कथेतूनही ती जाणे स्वाभाविक ठरले असते. ती समाजातून गेली नाही. केवळ पडद्यावरून गेली. ऱ्हासाची खरी खूण हीच असून, तिची नोंद घेणे हे इतिहासाच्या आणि साहित्याच्या अध्यापकांचे काम आहे.